राखटोलीचा होकार

राखटोलीनं होकार दिला, ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती राखटोलीलाच.

सकाळी विहिरीजवळ बोर्ड लागलेला दिसला. निळा गुळगुळीत पत्रा, चार कोपऱ्यांत चार खिळे. 'राष्ट्रीय लोकसंवाद परिषदेमार्फत झालेल्या संवादात राखटोलीच्या नागरिकांनी धातू प्रकल्पास बहुमताने संमती दिली आहे. आभार!' आभारपुढे उद्गारचिन्ह. त्या उद्गारचिन्हानंच सुकेशिनीचं टाळकं फिरलं.

"काय लिहिलं वो?" कौतिका आत्यानं पाण्यानं भरलेला पितळी गुंड कमरेवर चढवत विचारलं. सगळ्या वस्तीच्या या आत्याला वाचता येत नव्हतं, पण सरकारी पत्रा दिसला की भलं काही लिहिलेलं नसतं, एवढं तिला वाचल्याशिवायच कळायचं.

"आपण हव म्हणलो म्हणे," सुकेशिनी म्हणाली.

"कशाले?"

"आम्लाच्या हौदाले. या विहिरीच्या मागं."

"कोन म्हणलं?"

"आपण. सगळे. तुझंही नाव असन त्यात."

"कधी म्हणलो?"

सुकेशिनीनं खालची बारीक अक्षरं वाचली. "मंगळवारी."

आत्यानं गुंड खाली आदळला. "मंगळवारी माही दाढ काढली! दिवसभर माह्या तोंडात कापूस कोंबला होता! मी घोटभर चहाले तोंड उघडलं नाई, अन् हौदाले हव कशी म्हणन?"

बाया हसल्या. सुकेशिनी हसली नाही. कारण मंगळवारी संवाद कुणी केला, हे त्या बायांना माहीत नव्हतं आणि तिला माहीत होतं.

राखटोली म्हणजे राखेच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेली वस्ती. शेजारचं वीज केंद्र तीस-चाळीस वर्षं कोळसा खात होतं आणि राख ओकत होतं. केंद्र बंद पडलं, राख राहिली. वस्तीतले लोक त्या राखेच्या विटा पाडून पोट भरायचे. मग कुणा शास्त्रज्ञांना राखेत खजिना दिसला. कोळसा जळून गेला तरी त्यातले काही दुर्मीळ धातू जळत नाहीत, ते राखेत चिमूटचिमूट उरतात. विजेच्या गाड्यांच्या मोटरी, पवनचक्क्या, यांत जे जबर ताकदीचे चुंबक लागतात ते या धातूंशिवाय बनत नाहीत. आधी ते परदेशातून यायचे. आता राख आम्लात भिजवून धातू वेगळे काढायची स्वस्त रीत सापडली होती. काल ज्याला घाण म्हणत होते ते रातोरात देशाची संपत्ती झालं. धातू दिल्लीच्या वाट्याला, आम्ल राखटोलीच्या.

हौद खोदायचे ठरले ते विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. वस्तीला विहीर एकच. हौद झिरपला की विहीर संपली, आणि विहीर संपली की वस्ती संपली. हे समजायला कुठली परिषद लागत नाही.

पण परिषद होती. आणि सुकेशिनी निमगडे तिची नोकर होती.

दहावीत असताना गणिताच्या सरांनी वर्गात विचारलं होतं, "तुम्ही राखेतले लोक शिकून काय करणार?" सुकेशिनीनं डस्टर उचलून सरांच्या कपाळाकडे भिरकावलं. नेम चुकला, शाळा सुटली. पुढं दोन वर्षं ती विटा पाडत होती. मग परिषदेची माणसं 'लोकसंवाद दूत' शोधत आली. त्यांना शिकलेली पोर नको होती, जिला प्रत्येक घरात शिरता येतं अशी पोर हवी होती. सुकेशिनीला कुठल्याही घरात चपला न काढता शिरता यायचं.

काम सोपं होतं. छातीवर काडेपेटीएवढी डबी लावायची. घरोघर जायचं. आधी प्रकल्पाची माहिती वाचून दाखवायची, मग म्हणायचं, आता तुम्ही बोला. डबी ऐकायची आणि सगळं 'सांधा'कडे पाठवायची.

सांधा म्हणजे परिषदेचं यंत्र. आधी परिषद मोठ्या शहरांतल्या हॉलमध्ये भरायची. सरकार एका बाजूला, संस्थांचे लोक दुसऱ्या बाजूला, मधे बिस्किटं. ज्याला तिथवर जाता यायचं आणि माईकसमोर नीट बोलता यायचं तोच 'जनता' ठरायचा. ओरड झाली की दरवेळी तीच तोंडं कशी? ओरड खरीच होती. म्हणून सांधा आला. माणूस बोलला की सांधा त्याच्या वाक्याचा अर्थ आकड्यांच्या लांबलचक माळेत बदलायचा. ती माळ म्हणजे नकाशावरचा पत्ता समजा. 'पाणी गढूळ येतं' आणि 'विहिरीचं प्यायची भीती वाटते' ही वाक्यं वेगळी, पण पत्ते शेजारशेजारचे. लाखो वाक्यं मांडली की नकाशावर गावं दिसू लागतात. इथं पाण्याचं गाव, तिथं नोकरीचं, पलीकडे भीतीचं. मग कुठलं वाक्य दोन गावांना पटेल, रस्ता कुठून काढता येईल, ते सांधा शोधायचा. हॉलमध्ये बसणाऱ्या पन्नास लोकांऐवजी पन्नास लाख लोकांशी बोलणं. वाईट काय त्यात?

वाईट पुढच्या पायरीवर आलं. प्रश्न वाढत गेले. रस्ता, धरण, बंदर, टॉवर, दर आठवड्याला नवा प्रश्न. लोक कंटाळले, दार उघडेनात. तेव्हा कुणीतरी म्हणालं, या माणसाचं बोलणं आपल्याकडे आहेच की. त्यावरून तो पुढच्या प्रश्नाला काय म्हणेल ते काढता येतं. झालं! प्रत्येकाच्या आवाजाच्या नमुन्यावरून त्याचं एक बोलकं रूप तयार झालं. सरकारी नाव 'प्रतिबोल'. दुपारी प्रश्न टाकला की चहा गार व्हायच्या आत एका तालुक्याचा संवाद पूर्ण.

मंगळवारी तसंच झालं होतं. सुकेशिनीनं आधी घरोघर घेतलेल्या नमुन्यांवरून प्रतिबोलच बोलले होते. परिषदेनं राखटोलीला विचारलं होतं. फक्त राखटोली तिथं नव्हती.

*

"म्हणजे माह्या नावाचा पोपट ठेवला का तुम्ही पिंजऱ्यात?" सगळं ऐकून आत्या म्हणाली.

वीटभट्टीच्या शेडमध्ये सगळी वस्ती जमली होती. प्रज्वल पुढं उभा होता. तो विटांचा प्रेस चालवायचा, सुकेशिनीच्या बरोबरचा. लहानपणापासून दोघं एकमेकांशी एक तर भांडायचे, नाही तर मिळून तिसऱ्याशी भांडायचे.

"डबी कोन आणली घरोघर?" प्रज्वल म्हणाला. "हिनं. माह्या मायनं हिले पोहे करून खाऊ घातले, अन् हिनं माह्या मायचा पोपट केला."

"तुले माहीत होतं का बे, पोपट काय करते ते?" सुकेशिनी म्हणाली.

"मले नव्हतं माहीत. तुले पगार भेटत होता. तुले पाहिजे होतं माहीत!"

हे खरंच होतं. म्हणून सुकेशिनीला आणखीच राग आला. तिनं मोबाइल काढला. आपल्या भागातल्या नोंदी दूताला ऐकता येतात, तसा हक्क होता. तो तिनं कधी वापरला नव्हता. तिनं आत्याचं नाव शोधलं आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार," मोबाइलमधून कौतिका आत्या म्हणाली.

आवाज आत्याचाच. तोच घोगरा, तीच 'स'ला लागणारी शिट्टी. पण असा मऊ, असा गोड, की लोण्यात तळल्यासारखा.

"प्रकल्पाविषयी तुमचं मत?" एका यंत्राच्या आवाजानं विचारलं.

"हव. चांगलंच आहे. पोरायले काम भेटन. पान्याची थोडी काळजी घ्यावी, बस. हव. माही काही हरकत नाई."

आत्या मोबाइलकडे बघत राहिली. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"कोन होय ही बाई? हिले सासू नव्हती का कधी? हिच्या घरचं छप्पर उडालं नाई का कधी?" मग एकदम तिचा आवाज चढला. "माहा आवाज चोरून कोनत्या गरीब गायीच्या गळ्यात बांधला रे भाड्यांनो?"

कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, माझा लाव. मग दुसरं, माझा. सुकेशिनीनं एकामागून एक लावले. भांडखोर म्हणून तालुक्यात नाव असलेली सगळी वस्ती मोबाइलमध्ये शहाण्या मुलांसारखी हाताची घडी घालून बसली होती. सगळे हव, हव म्हणत होते.

"परवा नागपूरला परिषद बसते," सुकेशिनीनं शेवटी मोबाइल बंद केला. "शिफारस तिथूनच दिल्लीले जाते. एकदा गेली की हौद खोदायले मोकळे. जायचं?"

"विचारते काहून?" आत्या म्हणाली. "माह्या पोपटाची मान मुरगळाची आहे मले."

*

आत्या, सुकेशिनी आणि प्रज्वल नागपूरला पोचले. परिषदेच्या इमारतीत शिरायला आधी आवाज द्यावा लागे. दारात पितळी जाळी. तिच्यात आपलं नाव बोलायचं, हिरवा दिवा लागला की दार उघडायचं.

"कौतिका देवाजी निमगडे!" आत्या गरजली.

लाल दिवा. 'आवाज नोंदीशी जुळत नाही.'

"कौतिका! देवाजी! निमगडे!"

लाल.

रखवालदार भला माणूस होता. "मावशी, जरा शांतपणे बोला. मग जुळेल."

"शांतपणे बोलली तं ती मी नसतेच ना रे बाबा!"

प्रज्वलला फिस्सकन हसू आलं. पण सुकेशिनीच्या डोक्यात चाक फिरलं. यंत्राकडे आत्याची जी नोंद होती ती त्या गरीब गाईची होती. म्हणजे खरी कौतिका निमगडे दारात उभी, आणि तिची नक्कल आत बसून मत देते. वर खऱ्या बाईनं नकलेची नक्कल करावी, तेव्हा दार उघडणार!

तिनं दारावर लाथ घातली. दार काचेचं पण जाड. आवाज मोठा झाला.

त्या आवाजानं एक बाई बाहेर आली. डॉ. मैत्रेयी खांबेटे, सांधा बनवणाऱ्या तुकडीची प्रमुख. केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली काळं. दूतांच्या प्रशिक्षणात सुकेशिनीनं तिला पडद्यावर पाहिलं होतं.

"काय चाललंय इथे?"

"तुमच्या यंत्रानं माझ्या आत्याला खोटं ठरवलं," सुकेशिनी म्हणाली. "मी राखटोलीची दूत. हिचा नमुना मीच घेतलाय. ही तीच आहे, असं मी सांगते. आता दार उघडता का आणखी लाथा मारू?"

खांबेटेनं तिच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. दार उघडलं.

*

आतली खोली लांबलचक, गारेगार. टेबलाच्या टोकाला परिषदेचे अध्यक्ष विश्राम नाडगौडा. निवृत्त सचिव, पांढरा शर्ट, कपाळावर एक आठी नाही. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि ऐकूनही घेतलं. हा माणूस दुष्ट नव्हता, हेच सुकेशिनीला सहन होत नव्हतं. दुष्ट असता तर काम सोपं होतं.

"तुमचा राग मी समजू शकतो," नाडगौडा म्हणाले. "पण ही परिषद तुमच्यासाठीच आहे. सरकार आणि लोक यांच्या मधला पूल आहे हा."

"पुलावरून आमची भुतं चालून राहिली, साहेब," आत्या म्हणाली. "आम्ही तं अलीकडेच उभे आहो."

"नमुना तर यांनीच घेतला ना?" नाडगौडांनी सुकेशिनीकडे बोट केलं. "तुमच्याच मुलीनं."

सुकेशिनी खांबेटेकडे वळली. "प्रतिबोल नको. मूळ लावा. मी वाचून दाखवलं त्या दिवशीचं, जसंच्या तसं."

खांबेटेनं पडद्यावर बोटं फिरवली. खोलीत सुकेशिनीचाच आवाज आला. घाईघाईनं, शाळेत धडा वाचल्यासारखा. 'सदर प्रकल्पामुळे स्थानिकांना रोजगार उपलब्ध होईल...'

'हव,' आत्याचा आवाज.

'आम्लाचे हौद आधुनिक पद्धतीने अस्तरित केले जातील...'

'हव.'

'भूजलावर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही...'

'हव, हव.'

खांबेटे पडद्याकडे बघत म्हणाली, "प्रत्येक मुद्द्यावर सहमती. सांधानं तशीच नोंदलीय."

प्रज्वलचं तोंड उघडंच राहिलं. आत्यानं कपाळाला हात लावला. सुकेशिनी टेबलावर दोन्ही हात टेकून पुढं वाकली.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्याकडे कोणी काही सांगत असलं, तर तुम्ही ऐकताना काय करता?"

"म्हणजे? ऐकते."

"गप?"

"हो. मधे बोलणं बरं दिसत नाही."

"आमच्याकडे गप बसणं बरं दिसत नाही! आमच्याकडे समोरचा बोलत असला की हव भरावी लागते. हव म्हणजे ऐकून राहिली, पुढं बोल. माणूस गोष्ट सांगो, रडो, थापा मारो, हव भरायची. नाही भरली तर समोरचा म्हणतो, भिंतीशी बोलून राहिलो का मी? उठून जातो, चार दिवस बोलत नाही. हो म्हणायलाही आम्ही हवच म्हणतो, पण ते वेगळं. ते कोणालाही कळतं. लहान पोराला कळतं!"

"मी तिच्यासाठी हव भरली," आत्या म्हणाली. "पोर वाचून राहिली होती. घसा सुकला होता तिचा. तिले वाटाले पाहिजे ना, आत्या ऐकते म्हणून. सरकारले कोन हव देते?"

खांबेटेचं बोट हवेतच थांबलं. "पण माहितीनंतर तुम्ही स्वतः बोलल्या असाल. त्यात नकार असता तर..."

"लावा ना पुढचं," सुकेशिनी म्हणाली.

पुढचं लावलं. आत्या मनसोक्त बोलली होती. हौदाच्या आईबापांचा उद्धार, राखेनं गेलेल्या नवऱ्याची छाती, वीज केंद्रानं दिलेली जुनी वचनं, आणि मधूनमधून अशा शिव्या की नाडगौडांनी पाण्याचा ग्लास उचलून उगाच तोंडाला लावला. शेवटी स्पष्ट होतं, 'माह्या जिवात जीव आहे तोवर हौद होऊ देनार नाई.'

"हे कुठं गेलं?" सुकेशिनीनं विचारलं.

खांबेटे हळू आवाजात म्हणाली, "तापगाळणीत. सुरुवातीला लोक भडकून बोलायचे, तर सांधा गोंधळायचा. रागात माणूस टोकाचं बोलतो, ते त्याचं कायमचं मत नसतं, असं आम्ही धरलं. म्हणून आवाजातला ताप एका पातळीच्या वर गेला की तो भाग गोंगाट समजून गाळायचा."

"म्हणजे नकार सगळा रागात होता, तो गाळला. अन् चाळणीत काय उरलं?"

नाडगौडांनी ग्लास खाली ठेवला.

"हव उरली," सुकेशिनीच म्हणाली. "आमचा राग म्हणजे गोंगाट, अन् आमचा शिष्टाचार म्हणजे होकार. वा रे वा तुमचा पूल!"

खांबेटे मात्र कामाला लागली होती. बोटं भराभर चालत होती. "हे दुरुस्त करता येतं. ऐकतानाचे 'हव' शून्य धरायचे, गाळणी उघडायची, प्रतिबोल नव्यानं बनवायचे. थांबा."

पडद्यावरचा राखटोलीचा हिरवा ठिपका थरथरला आणि लालबुंद झाला. खांबेटेनं आत्याचा नवा प्रतिबोल लावला.

"माह्या जिवात जीव आहे तोवर नाई!" पडदा गरजला.

प्रज्वल खुर्चीवरून उडालाच. "ही आत्या! ही खरी आत्या!" त्यानं सुकेशिनीच्या पाठीत धपाटा घातला. दोन दिवसांनी पहिल्यांदा. "सुके, जिंकलो ना बे!"

नाडगौडांनी सुटकेचा श्वास सोडला. "राखटोलीचा नकार नोंदवून घेऊ. शिफारस बदलेल. चूक झाली, ती दुरुस्त झाली. व्यवस्था अशीच सुधारत जाते. आता तुमचे सुधारित प्रतिबोल पुढच्या प्रश्नांनाही अचूक उत्तर देतील. तुम्हाला एवढ्या लांब यायचीही गरज नाही."

आत्या पडद्याकडे बघत होती. तिचा आवाज आला तो एकदम खालच्या पट्टीत. तसा आवाज सुकेशिनीनं आत्याच्या नवऱ्याच्या मयतीत ऐकला होता.

"साहेब, परवा माहा पोपट हव म्हणे. आज नाई म्हणते. या दोन्ही वेळा मले कोनी विचारलं का?"

"पण आता तो बरोबर बोलतोय ना तुमच्या मनातलं?"

"आज बोलते. उद्या तुमची गाळणी बदलली तं?"

नाडगौडा हसले. प्रेमानंच हसले, आजोबा हसतात तसे. "अहो बाई, शेवटी उत्तर तर बरोबर आलं ना?"

त्या वाक्यानं सुकेशिनी उठून उभी राहिली. कपाळाकडे भिरकावायला टेबलावर काही नव्हतं, नाही तर पुन्हा डस्टर झालं असतं. शाळेत असंच होतं. उत्तर बरोबर आलं पाहिजे, मग ते कुणी काढलं, कुणाच्या वहीतून ढापलं, विचारायचं नाही.

"खांबेटे मॅडम. नमुना चुकीच्या पद्धतीनं घेतला गेला तर दूत तो मागं घेऊ शकतो. प्रशिक्षणात तुम्हीच सांगितलं होतं."

"हो, पण..."

"माझा सगळा भाग मागं घेते. राखटोलीचे सगळे पोपट. पुसून टाका."

"सुके!" प्रज्वल ओरडला.

नाडगौडांच्या कपाळावर आता पहिली आठी आली. "नीट ऐका. प्रतिबोल पुसले तर होकार जाईल, तसा नकारही जाईल. आम्ही दिल्लीला लिहू, राखटोलीचं मत उपलब्ध नाही. मग मंत्रालय पुढं जाऊ शकतं. फक्त जागेवर काम सुरू करण्याआधी स्थानिक अधिकाऱ्यानं प्रत्येक रहिवाशाला समक्ष विचारायचं, असा एक जुना नियम आहे. तो कुणी पाळत नाही. आत्ता तुमच्या हातात नकार आहे. पक्का. तो तुम्ही फेकून देताय."

"वेडी झाली का बे तू?" प्रज्वलनं तिचा दंड धरला. "विहीर वाचली ना! आणखी काय पाहिजे तुले? अकडीत गेलीस तं सगळ्यायले घेऊन मरशीन!"

खरं तर तो चूक बोलत नव्हता. सुकेशिनीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "माह्या तोंडाकडे नको पाहू," ती म्हणाली. "एवढ्या साऱ्या तोंडायनं तुह्याशी बोललं. आता तुह्या तोंडानं तू बोल."

हौद झाला, विहीर नासली, तर वस्ती सुकेशिनीलाच दगड मारणार आणि ते बरोबरच असणार. पण मोबाइलमधली ती हाताची घडी घातलेली वस्ती तिला दिसत होती. आज ती आपल्या बाजूनं ओरडत होती म्हणून काय झालं? ओरडायला लावणारी कळ याच खोलीत होती.

तिनं छातीवरची डबी काढली, टेबलावर ठेवली. "पुसा."

खांबेटेनं नाडगौडांकडे पाहिलं नाही. पुसलं. पडद्यावर जिथं राखटोली होती तिथं काळा चौकोन उरला.

*

परतीच्या बसमध्ये प्रज्वल पुढच्या सीटवर बसला. वस्तीत गेल्यावर त्यानं काय सांगायचं ते सांगितलं. मग सुकेशिनीला विहिरीवर पाहून बाया गुंड उचलून बाजूला व्हायला लागल्या. परिषदेनं नोकरीवरून काढल्याचं कळवलं. दिल्लीचा कागद आला: 'मत उपलब्ध नाही.' त्यापाठोपाठ एक दिवस हौदाचं सामान घेऊन ट्रक आले.

लोक आधीच रस्त्यावर उभे होते. आत्या सगळ्यात पुढं. ट्रकच्या पुढच्या जीपमधून एक तरुण अधिकारी उतरला. त्यानं गर्दी पाहिली, कुणालातरी फोन लावला. बराच वेळ कानाला धरला. मग गाडीतून एक डबी काढली, नवीकोरी, आणि समोर दिसलेल्या पहिल्या पोरीच्या पुढं धरली. ती पोर सुकेशिनी होती.

"जरा सगळ्यांना लावून बोलायला सांगता का? लगेच होईल."

सुकेशिनीनं त्याचं मनगट धरलं आणि डबीसकट खाली केलं.

"नियम माहीत आहे का, साहेब? प्रत्येकाला समक्ष."

"अहो, अख्ख्या वस्तीला? संध्याकाळ होईल!"

"मग होऊ द्या. तोंड आहे ना तुम्हाला? तोंडानं विचारा."

तो गर्दीकडे बघत राहिला. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. त्यानं पुन्हा फोन काढला, बघितला, खिशात ठेवला. मग शर्टाचे खिसे चाचपले. पेन नव्हतं. ट्रक ड्रायव्हरनं कानावरची पेन्सिल काढून दिली. साहेब विटांच्या थप्पीवर बसला, गुडघ्यावर कागद घेतला. राखेनं पँट पांढरी झाली.

रांग लागायला लागली. हळूहळू, धक्काबुक्की करत, कुरकुरत. सुकेशिनी उभी होती तिथं मागून कुणीतरी येऊन खेटलं. प्रज्वल. त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं नाही. पण रांग सोडून दुसरीकडेही गेला नाही.

आत्या साहेबासमोर उकिडवी बसली. त्यानं पेन्सिल टेकवली.

"नाव?"

"नाव मागून. आधी उत्तर लिहा. नाई."

त्यानं लिहिलं. पेन्सिलचं टोक कागदातून आरपार गेलं.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"आता विचारा, काहून नाई."